मधल्या धारेची ओटी

यंदा श्रावण दोन आले होते, आणि लवू तावडेला त्यांतला एकही नको होता.

परळच्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या खोलीत तो पाटावर बसला होता. समोर त्याची बायको अंबिका मांडीवर पंचांग उघडून एकेका वारावर बोट ठेवत चालली होती. अंबिकेचा आवाज इतका हलका, की शेजारच्या जाईबाईला भिंतीला कान लावूनही त्या घरातलं काही मिळत नसे. जाईबाईचं ते जुनं दुखणं होतं.

"पहिला अधिक. त्यात रोजचं दीपदान," अंबिका म्हणाली. "मग निज. त्यात सोमवारी शिवामूठ. मंगळवारी धाकट्या जावेची मंगळागौर. बुधवार-गुरुवार बुध-बृहस्पती. शुक्रवारी जिवती. शनिवारी मारुतीला तेल."

"आणि आयतवार?"

"आदित्य राणूबाई."

"म्हणजे दोन महिन्यांत एक वार मोकळा नाय?"

"वार मोकळा कसा असेल? सगळे देवाचेच."

"अगो, पण व्रतं तुझी. मी एक दिवस नसलो तर काय बिघडतं?"

"नैवेद्याचं पान कुणापुढे वाढू? आणि श्रावणात पाण्यावर जायचं म्हणता, ते तर नकोच."

लवू उठला, गॅलरीत गेला, परत आला, पुन्हा गेला. गेले चार महिने त्याचं हे असंच चाललं होतं. गिरणीत तो चार साच्यांच्या मध्ये उभा असे. मागातला लाकडी धोटा दिवसभर इकडून तिकडे धावायचा, आणि लवू आठ तास त्याच फरशीवर. वीस वर्षं झाली. आपण पळवतो ते लाकूड रोज दहा कोस फिरून येतं आणि आपण कुठेच जात नाही, असं एका दुपारी त्याच्या डोक्यात आलं, आणि तेव्हापासून त्याचे पाय जमिनीवर ठरेनात.

त्यातच रबरी होडी मिळाली. लढाईत उरलेला माल विकणाऱ्या एका दुकानात ती घडी घालून पडली होती. चार माणसांची, सायकलच्या पंपानं फुगवायची, दोन-तीन ठिकाणी ठिगळं लावलेली. आषाढात लवू आणि त्याचा दोस्त रामजी कर्जतच्या पलीकडे जाऊन कोंढाणी नदी काठावरून बघून आले होते. डोंगरातून दोन मैल उतरत येणारी ती नदी खडकांवर फुटून ताकासारखी पांढरी होत होती. वाटेत पाणी एकदम खाली घसरतं अशा तीन धारा, त्यांतली मधली सगळ्यांत उतावळी. तिच्याखाली काठावर सोनजाईचं लहानसं देऊळ. लवू दोन तास त्या धारेकडे टक लावून उभा राहिला. रामजीनं त्याला शर्टाला धरून परत आणलं.

रामजीचं बालपण महाडकडे तरीवर वल्ही मारण्यात गेलं होतं, त्यामुळे सुकाणू त्याच्याकडे. तो त्याच गिरणीत कताईखात्यात होता आणि पलीकडच्या चाळीत राहायचा. तिसरा गडी रमाकांत, गिरणीच्या टाइम ऑफिसातला कारकून. त्याला पोहता येत नव्हतं, पण यादी करता येत होती. दोरी, शिट्टी, गूळ-शेंगदाणे, आयोडीन, आणि स्वतःसाठी सायकलच्या तीन ट्यूबा.

तिघं रोज पहिली पाळी सुटली की गॅलरीतल्या बाकावर एकामागे एक बसत आणि वल्ही मारायचा सराव करत.

"डावं! उजवं! डावं!" मागून रामजी हुकूम सोडायचा. "रमाकांत, तू वल्हं मारतोस की आमटी ढवळतोस? पांढऱ्या पाण्यात हात थांबवायचा नाय. थांबलास की नदी तुझी नाय, तू नदीचा."

"मेल्यांनो!" जाईबाई बाहेर यायची. "माज्या वाळत घातलेल्या लुगड्याक वल्ह्यान कित्याक हाणतास? पाण्यात जावा मां एकदाचे!"

पण पाण्यात जायचं कधी, हाच तर प्रश्न होता. श्रावण गेला. आता भाद्रपदात गणपती, गौरी. मधले दोन रविवार संयुक्त महाराष्ट्र समितीच्या सभांना द्यायचे, आणि मुंबईचा प्रश्न टांगलेला असताना सभा सोडून नदीवर जातो म्हणायची परळात कुणाची छाती नव्हती. पुढे पितृपक्ष, त्यात अंबिका कुणाला पाण्याजवळ जाऊ देणार नव्हती. मग नवरात्र; घट बसले की घरच्या कर्त्यानं गाव सोडायचं नाही. आणि दसऱ्याला नदीत नुसते धोंडे उरतात.

रमाकांतनं टाइम ऑफिसात बसून सगळं कोष्टक मांडलं आणि धावत आला. "सापडला! अनंत चतुर्दशी शुक्रवारी. पितृपक्ष रविवारपासून. मधला शनिवार, पौर्णिमा! कुणाचाच नाय!"

लवू तीन मजले एका दमात चढला.

"पौर्णिमेला आपल्याकडे सत्यनारायण आहे," अंबिका म्हणाली. "भटजींना सांगून झालंय."

लवूच्या डोळ्यांपुढून कोंढाणी वाहून गेली. अजून एक वर्ष. होडीचं रबर आताच चिकट होत होतं. पुढच्या वर्षी तिची पिशवीसुद्धा झाली नसती. आणि त्या क्षणी त्याच्या तोंडून जे निघालं, ते निघाल्यावर त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"अगो, पण माझा नवस आहे."

अंबिकेनं पंचांग मिटलं. "नवस?"

"सोनजाईचा. मधल्या धारेत होडीतून ओटी सोडीन म्हणून बोललोय."

"कधी? कशासाठी?"

आता मागे फिरायला वाट नव्हती. "गेल्या वर्षी. तुला विषमज्वर झाला होता तेव्हा. तू बरी झालीस तर, म्हणून."

अंबिकेनं पदर डोळ्यांना लावला. मग म्हणाली, "आणि हे मला आत्ता सांगता? वर्ष झालं. देवीचं देणं घरात ठेवून आपण गोडाचं जेवतोय." ती उठली आणि तिथल्या तिथे सत्यनारायण पुढच्या पौर्णिमेवर ढकलून मोकळी झाली.

लवूला वाटलं, संपलं. खरं तर तिथून सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी त्याच्या ताटात भात-वरण एकदाच आलं. रात्री ताट नाही.

"नवस फेडेपर्यंत एकभुक्त राहायचं," अंबिका हळूच म्हणाली. "पायांत वहाण नाही. दाढी नाही. आणि वशाट नाही."

"वशाट नाय? अगो, मासळीशिवाय दोन श्रावण नुसत्या डाळीवर काढले!"

"पंधराच दिवस राहिले."

त्या पंधरा दिवसांत गौरी होत्या. तावड्यांच्या गौरीला मटणाच्या सागोती-वड्यांचा नैवेद्य. सगळ्या मजल्यावर वाटणाचा वास सुटला, आणि लवू दाढी वाढवून, अनवाणी, गॅलरीच्या कठड्याला धरून उभा राहिला. आतून जाईबाई मुद्दाम विचारायची, "लवू, रस्सो तिखाट झालो काय रे? वासावरून सांग."

जाईबाईला हे सगळं कळलं होतं कारण अंबिकेनं आयुष्यात प्रथमच तिला काही आपणहून सांगितलं होतं. आपल्यासाठी नवऱ्यानं नवस बोलावा आणि वर्षभर त्याची वाच्यता करू नये, ही गोष्ट तिच्यानं पोटात ठेववेना. जाईबाईनं ती अर्ध्या तासात चारी मजल्यांवर पोचवली. आणि मधल्या धारेपर्यंत होडी जातेच आहे, तर आपलीही ओटी घेऊन जा, म्हणून बायका येऊ लागल्या. कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाचा दमा, कुणाचा सुटलेला नवरा. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड. तळमजल्यावरचे समितीचे शामराव यांनीही आपल्या मंडळींची ओटी पाठवली आणि वर निरोप दिला, "देवीला म्हणावं, मुंबईचं तेवढं बघ." शिवाय गेरूचा डबा घेऊन ते स्वतः वर आले आणि होडीच्या दोन्ही अंगांवर 'मुंबईसह' असं लिहून गेले. पुढच्या शब्दांना रबर पुरलं नाही.

ओट्या सतरा झाल्या. रमाकांतनं त्यांची यादी केली, वजन काढलं आणि जाहीर केलं, "चौथ्या माणसाची जागा गेली."

हे सगळं रामजीच्या कानावर गेलं तेव्हा तो संध्याकाळी सरावाला आलाच नाही. लवूनं त्याला इराण्याकडे गाठलं.

"नवसाची होडी हाकायला दुसरा बघ," रामजी म्हणाला. "दोन वर्षं झाली धम्माची दीक्षा घेऊन. आमच्या घरात आता नवस नाय, ओटी नाय, उतारा नाय. भर मैदानात शपथ घेतलीय, लवू. कुणासाठी मोडायची नाय."

"अरे मग मोडू नको! नवस खोटाच आहे!"

रामजीनं कप खाली ठेवला. "म्हंजे?"

लवूनं सगळं सांगितलं. रामजी इतका हसला की पलीकडच्या टेबलावरच्या माणसानं आपला ब्रूनपाव जवळ ओढून घेतला. हसता हसता तो एकाएकी थांबला.

"आणि वैनींना हे खरं वाटतंय?"

"तसं वाटावं म्हणून तर बोललो."

"माझी बायको बाळंत झाली तेव्हा आठ दिवस डबा कुणी आणला? तुझ्या बायकोनं. तीन मजले उतरून, चार मजले चढून. तिला खोटं सांगून मी होडीत बसू? ते नाय जमायचं. शनिवारच्या आत वैनींना खरं सांग. सांगितलंस तर मी सुकाणूला. नाय सांगितलंस तर तू, रमाकांत आणि त्याच्या ट्यूबा."

लवू परळभर अनवाणी फिरला. खरं सांगितलं तर अंबिका जाऊ देणार नाही, नाही सांगितलं तर रामजी येणार नाही; आणि रामजीशिवाय त्या धारेत शिरणं म्हणजे सोनजाईच्या पायाशी कायमचं राहायला जाणं. घरी आला की अंबिका त्याच्या पायांना कोकमाचं तेल लावून द्यायची. ती काही विचारायची नाही, आणि तेच त्याला सोसत नव्हतं. चार वेळा त्यानं तोंड उघडलं. चारही वेळा तिनं वर पाहिलं, आणि त्यानं जांभई दिली.

गुरुवार उजाडला. संध्याकाळी होडीची पूजा आणि गाऱ्हाणं. गाऱ्हाणं घालायला बुधाजी नाना आले. मालवणकडचे, चाळीतले सगळ्यांत म्हातारे. गावाला जाणाऱ्या प्रत्येकासाठी ते देवापुढे असं मागणं मांडायचे. खोलीत होडी पंपानं फुगवली, आणि ती फुगताच खोलीतली माणसं गॅलरीत आली, कारण आत दुसरं काही मावेना. अंबिकेनं दारातूनच होडीच्या नाकाला हळदकुंकू लावलं. 'मुंबईसह'वर हार घातला. सतरा ओट्या ओळीनं मांडल्या. जिन्याच्या तोंडाशी रामजी हातांची घडी घालून उभा होता. तो लवूकडे बघत होता आणि लवू होडीकडे.

नानांनी नारळ हातात घेतला.

"बा देवा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळी गॅलरी गरजली.

"आज ह्या लवू गणपत तावड्यान, आपली बाईल आजारी असताना, सोनजाईक जो नवस बोललेलो आसा, तो फेडूक तो ह्या होडयेत बसान जातासा!"

"होय म्हाराजा!"

"त्येका जाताना येताना काय इडापिडा आसात ती दूर कर, आणि त्येचो नवस मान्य करून घे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आता," नाना लवूकडे वळले, "शेवटच्या खेपेक नवसकऱ्यान एकट्यान बोलूचा. ह्यो नवस तू खऱ्या मनान बोललंस, असां देवाक सांग. होय म्हाराजा म्हण."

खालच्या रस्त्यावरून ट्रामची घंटा ऐकू आली. लवूनं तोंड उघडलं. या वेळी जांभईही येईना.

"म्हण रे," नाना म्हणाले. "नारळ जड आसा."

"नाना," लवू म्हणाला, "नवस बोललोच नव्हतो मी."

"काय?"

"मला होडीत बसायचं होतं."

जाईबाईला काही क्षण बोलता आलं नाही, आणि चाळीच्या इतिहासात ही पहिलीच वेळ असावी. मग सगळे एकदम बोलू लागले. "मेल्या! मगे माझी ओटी?" "देवीशी थट्टा करतोस?" रमाकांत यादी शोधू लागला, जणू तिच्यात यावर काही उपाय लिहिलेला असेल.

अंबिका पुढे आली. तिचा आवाज ऐकू यावा म्हणून सगळ्यांना गप्प बसावं लागलं.

"मग मी इस्पितळात होते तेव्हा काय करत होतात?" तिनं विचारलं.

"काही सुचत नव्हतं गो," लवू खाली बघत म्हणाला. "देवाचं नाव पण. इस्पितळाच्या जिन्यात बसून राहायचो. पायऱ्या मोजायचो. बेचाळीस आहेत."

"रोज?"

"एकवीस दिवस."

अंबिका त्याच्याकडे बघत राहिली. तिला राग आला होता की नाही ते कुणालाच कळलं नाही. रागावतानाही तिचा आवाज चढत नसे. मग ती नानांकडे वळली.

"नाना, यांचा नवस खोटा. पण या ओट्या खऱ्या मनानं आल्यात ना? लोकांच्या घरातून निघालेले तांदूळ परत डब्यात कसे घालायचे? त्या पोचायला हव्यात."

"व्हय ता खरां," नाना म्हणाले. "पण पोचवतलो कोण?"

"मी."

"तू?" लवू म्हणाला.

"वैनी," रामजी जिन्यावरून म्हणाला, "पाणी पांढरं आहे."

"भावजी, पंधरा वर्षं रोज पहाटे खालच्या नळावरून दोन कळशा तीन मजले वर आणतेय. हातांत बळ आहे. तुमच्या शपथेला बाध येईल असं काही मी सांगणार नाही. ओट्यांना तुम्ही हात लावू नका. त्या मी सोडीन. तुम्ही नुसती वाट दाखवा."

रामजीनं हातांची घडी सोडली. "तुमच्या ओट्या, माझं सुकाणू. खरं सांगून चाललंय, मग माझी ना नाय."

"आणि मी?" लवू म्हणाला. "अगो, होडी माझी आहे!"

"होडीत जागा चार," अंबिका समजुतीनं म्हणाली. "भावजी, रमाकांतभावजी, मी, आणि ओट्या. आणि नवसच नाही म्हटल्यावर शनिवारचा सत्यनारायण कशासाठी पुढे ढकलायचा? दोघांपैकी एकानं तरी पूजेला बसायला हवं. तुम्ही पंधरा दिवस एकभुक्त आहात, अनवाणी आहात. इतके सोवळे तर तुम्ही लग्नाच्या दिवशीही नव्हता."

यावर नानांनीसुद्धा मान डोलावली, आणि हात दुखत असल्यामुळे नारळ तेवढ्यात फोडून टाकला.

शनिवारी पहाटे अंबिका कासोटा घट्ट मारून निघून गेली. लवूनं दिवस कसा काढला ते गॅलरीच्या फरशांना ठाऊक. संध्याकाळी वाढलेली दाढी आणि सोवळं अशा थाटात तो चौरंगासमोर बसला. भटजी कथा सांगत होते, आणि कथेत नेमकी नाव बुडाली. लवू पाटावरून ताडकन उठला.

"बसा, बसा," भटजी म्हणाले, "याच अध्यायात पुढे वर येते."

"ते पुढचं आधी घ्या!"

"असं क्रम सोडून चालत नाही हो."

"मग भरभर वाचा!"

भटजींनी उरलेली कथा इतक्या वेगानं सांगितली की नाव वर आली ते जाईबाईला कळलंच नाही. आरती सुरू झाली. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली, आणि हातातलं निरांजन तसंच घेऊन लवू दारात धावला.

आधी रमाकांत आला. तीन ट्यूबांपैकी एक गळ्यात, चेहरा पांढरा, आणि शिट्टी अजून दातांत धरलेली. तो सरळ कोपऱ्यात जाऊन भिंतीला टेकून बसला. मागून खांद्यावर होडीची घडी घेऊन रामजी. त्याच्यामागे अंबिका. केस सुटलेले, कपाळ धुऊन गेलेलं, लुगडं अंगावरच वाळलेलं. ती देवापुढे वाकली आणि पाटाच्या कडेला बसली.

"पोचल्या ओट्या?" जाईबाईनं विचारलं.

"सगळ्या," अंबिका म्हणाली. नेहमीइतकंच हळू.

"घाबरलीस काय गो?"

अंबिकेनं सुटलेले केस मागे बांधले. लवूनं रामजीकडे पाहिलं.

"मधल्या धारेत शिरलो," रामजी दारातूनच सांगू लागला, "तर रमाकांतनं वल्हं सोडून होडी धरली. मी म्हटलं, आता आटोपलं. इतक्यात पुढून असा आवाज आला, की काठावरचे बगळे उडाले. मला वाटलं, कोण ओरडलं? बघतो तर वैनी!"

"अंबिका ओरडली?" जाईबाई पुढे सरसावली. "देवीचा नाव घेतल्यान आसतला."

"नाय ओ. 'हाणा! हाणा! हात थांबवू नका!'"

अंबिकेनं पदर डोक्यावर ओढून घेतला आणि मान खाली घातली.

"माझं चुकलं," ती पुटपुटली. "देवाचं नाव तोंडात आलंच नाही. काहीच आठवलं नाही."

लवूनं प्रसादाचा द्रोण उचलून तिच्या हातावर ठेवला. तळव्याला चार मोठे फोड आले होते. तो त्या फोडांकडे बघत राहिला, आणि त्याच्या मनात काळजी, माया आणि जळजळ यांची अशी काही झटापट झाली की त्याला फक्त एकच प्रश्न सुचला.

"दुखतंय?"

"दुखू दे," अंबिका म्हणाली. तिनं प्रसाद तोंडात घातला, सावकाश चावला आणि दाराकडे वळून आपल्या हलक्या आवाजात विचारलं, "भावजी, ती खालची तिसरी धार आपण काठानं चालत उतरलो. तिच्यात पाणी किती दिवस असतं हो?"